गोसावी झालेलं कणीस

पोळ्याच्या आसपास शिंदखेड्याकडच्या मामांच्या वावरात गेलं, की बाजरी निसवलेली असायची. डोक्याच्याही वर गेलेल्या ताटांमधून चालताना कणसं कानाला घासायची आणि मध्येच एखादं ताट असं दिसायचं, की पाय थबकावा. कणसाच्या जागी हिरव्या, बारीक, पिळवटलेल्या पानांचा झुपका. दाणा औषधालाही नाही. जटा वाढवून कुणी साधू उभा राहिल्यासारखं ते ताट. "हाऊ देख, गोसावी व्हई गया," मामा म्हणायचे. ताट मुळासकट उपटायचे आणि बांधावर न फेकता घरी नेऊन वाळलं की चुलीत घालायचे. बांधावर का नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कृषी खात्याच्या पुस्तिकांमध्येसुद्धा या रोगाचं नाव 'गोसावी' किंवा 'केवडा' असंच छापलेलं असतं. रोप लहान असताना पानं केवड्यासारखी पिवळी पडतात म्हणून एक नाव, मोठेपणी जटा येतात म्हणून दुसरं. शास्त्रज्ञांनी याला लॅटिन नाव दिलंय, पण ते वाचून रोग डोळ्यांसमोर उभा राहत नाही. 'गोसावी' म्हटलं की राहतो.

मला कोडं पडायचं ते वेगळंच. गोसावी ताटाच्या शेजारचं ताट ठणठणीत असायचं. तीच माती, तोच पाऊस. मग त्या ठणठणीत ताटाचं बी धरावं, पुढच्या वर्षी तेच पेरावं, आणि प्रश्न मिटवावा! एवढं सोपं असतं, तर देवपुरातल्या आमच्या घरापासून पांझरेचा पूल ओलांडून थोड्याच अंतरावर असलेल्या धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरी संशोधन योजना इतकी वर्षं चालली नसती. रोगाला दाद न देणारं ताट सापडणं ही या कामाची सुरुवात असते. त्या ताटाला चांगल्या दाण्याची, चाऱ्याची, वेळेवर तयार होणारी बाजरी बनवणं, आणि रोगानं चाल बदलली की पुन्हा सगळं नव्यानं मांडणं, यातच पैदासकाराचं आयुष्य जातं.

आषाढातली लागण, भाद्रपदातल्या जटा

जटा दिसतात तेव्हा रोग लागून दीड-दोन महिने उलटलेले असतात. गोसावी ताटाची पानं वाळून त्यांच्या चिंध्या होतात. त्या चिंध्यांमध्ये रोगाचं बी, म्हणजे बीजाणू, खच्चून भरलेले असतात. हे बीजाणू जाड कवचाचे. ते मातीत पडून वर्षानुवर्षं तग धरतात. मामा ताट बांधावर का टाकत नसत, त्याचं उत्तर इथं आहे. पावसानंतर बाजरी उगवू लागली की मुळांजवळचा बीजाणू जागा होतो आणि कोवळ्या रोपात शिरतो.

आत शिरलेला रोग एका जागी डाग पाडून थांबत नाही. तो वाढत्या शेंड्याच्या गाभ्यापर्यंत पोचतो, आणि मग त्या शेंड्यातून निघणारं प्रत्येक पान रोग घेऊनच जन्मतं. अशा रोपाचं पान नीट बघा. बुडाकडचा भाग पिवळट आणि टोकाकडचा हिरवा, मध्ये जणू रेघ आखलेली. टोकाचा भाग आधी घडून गेलेला असतो, बुडाचा भाग रोग पोचल्यावर घडतो, म्हणून ही रेघ. पुढचं पान निघतं ते जवळपास सगळंच पिवळं.

आता दुसरा अंक. रात्र ढगाळ, हवा दमट आणि पान ओलं असेल, तर पिवळ्या पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव उगवते. पहाटे त्यावरून बोट फिरवलं तर तांदळाच्या पिठीसारखी बोटाला लागते. हे रोगाचं दुसऱ्या जातीचं बी, पातळ सालीचं, काही तासांचं आयुष्य असलेलं. ते वाऱ्यानं शेजारच्या ओल्या रोपावर पडतं, फुटतं, आणि आतून शेपटीवाले सूक्ष्म कण बाहेर पडून पानावरच्या पाण्याच्या थरात चक्क पोहत जातात. ऊन चढलं की लव सुकते, खेळ खलास. पण तोवर दहा-वीस रोपांना लागण झालेली असते. पेवात पुरलेलं धान्य आणि रोजची भाकरी, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे. जाड कवचाचं बी वर्षं काढण्यासाठी, पातळ सालीचं एका रात्रीत पसरण्यासाठी.

हे पोहणं जरा लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपण सरसकट 'बुरशी' म्हणतो खरं, पण केवड्याचा हा रोगकारक खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. त्याची नाती शेवाळाच्या बाजूची. राहणी मात्र बुरशीची, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं नुकसानही तेच. म्हणून या लेखात पुढेही मी बुरशीच म्हणणार आहे. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी माफ करावं.

आणि जटा? फूल म्हणजे मुळात रूप बदललेली पानंच. 'आता पानं पुरे, फुलं काढ' असा हुकूम ताट शेंड्याला देतं तेव्हा कणीस घडतं. शेंड्याच्या गाभ्यात ठाण मांडून बसलेला रोग या हुकमात गोंधळ घालतो. कणसातली हजार-दीड हजार बारीक फुलं फुलं व्हायची विसरून पुन्हा पानं होऊ लागतात.

आधी नवरी, मग नवरा

बाजरीचं कणीस एक गंमत करतं. त्यावर आधी पांढऱ्या पिसासारखे स्त्रीकेसर बाहेर येतात, आणि दोन-तीन दिवसांनी पुंकेसर. म्हणजे एकच कणीस आधी नवरी असतं, मग नवरा होतं. स्वतःच्या परागाची वाट पाहायला नवरीला सवड नसते, शेजारच्या ताटाचा पराग वाऱ्यावर येतो आणि लग्न लागून जातं. त्यामुळे साध्या बाजरीच्या वावरातलं प्रत्येक ताट थोडं वेगळं असतं. भावंडं सगळी, पण जुळी कुणीच नाहीत.

ठणठणीत ताटाचं बी धरण्याच्या माझ्या कल्पनेला पहिली ठेच इथेच लागते. त्या ताटाची आई आपल्याला माहीत असते, पण बापांचा पत्ता वाऱ्यालाच ठाऊक. पुढच्या वर्षी त्या बियाण्यातून काही गोसावी, काही ठणठणीत असंच निघणार.

एकसारखं आणि जोमदार पीक हवं असेल तर ठरवून लग्न लावावं लागतं. संकरित वाण म्हणतात ते हेच. खानदेशाला संकर शिकवायची गरज नाही. कपाशीच्या बीजोत्पादनात संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, हे काम इकडच्या कितीतरी बायकांच्या हातांना पाठ आहे. १९७० साली आलेला 'एच-४' हा कापसाचा संकर असाच हातानं घडला. पण कपाशीचं फूल केवढं, आणि बाजरीचं केवढं! कणसावरच्या हजारभर फुलांतून चिमट्यानं पुंकेसर काढत बसलं, तर एका एकराच्या बियाण्याला अख्खं गाव पुरणार नाही.

म्हणून पैदासकारांना अशी बाजरी हवी होती, जिच्यात पराग मुळातच तयार होत नाही. जन्मतः फक्त नवरी. असं वाण हाती आलं, की त्याच्या ओळींशेजारी हव्या त्या नराच्या ओळी लावायच्या. बाकीचं काम वारा करतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथं ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाला असं वाण मिळालं. गावाच्या नावावरून त्याचं नाव पडलं 'टिफ्ट २३ए'.

एकाच आईच्या लेकी

टिफ्ट २३ए भारतात आलं, आणि लुधियान्यात दिलबागसिंग अठवाल यांनी त्याला पंजाबचा नर देऊन १९६५ मध्ये 'एचबी-१' हा देशातला बाजरीचा पहिला संकर काढला. त्या वेळच्या वाणांच्या तुलनेत उत्पादन जवळपास दुप्पट. पाठोपाठ एचबी-३, एचबी-४ आले. एचबी-३ चा नर जामनगरचा होता. बाप बदलत गेले. आई मात्र प्रत्येक वेळी टिफ्ट २३एच.

१९७०-७१ साली देशात बाजरीचं विक्रमी, सुमारे ८० लाख टन उत्पादन झालं. पुढच्याच वर्षी ते सुमारे ५३ लाखांवर घसरलं. मध्ये जटा आल्या होत्या. टिफ्ट २३ए ज्या अमेरिकेत घडलं, तिथं या रोगाशी तिची कधी गाठच पडली नव्हती, त्यामुळे तिच्याकडे प्रतिकार असण्याचं काही कारणही नव्हतं. ती दुबळी बाजू तिच्या सगळ्या लेकींमध्ये उतरली, आणि लाखो हेक्टरांवर एकाच मापाची दारं उभी राहिली. गावातल्या सगळ्या घरांना एकाच कंपनीचं, एकाच किल्लीचं कुलूप लावल्यावर चोराला कष्ट ते काय!

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७० मध्ये, अमेरिकेत मक्याचं असंच झालं. तिथल्याही बहुतेक संकरांमध्ये परागहीनतेचा एकच प्रकार वापरला होता, आणि पानांवरच्या करप्यानं तो हेरला. मक्यात दोष थेट परागहीनतेच्या त्या प्रकाराचा होता. बाजरीत तसं नव्हतं. दोष टिफ्ट २३एच्या बाकीच्या जनुकांचा, परागहीनतेचा नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. हा फरक बारीक आहे, पण त्यामुळेच परागहीनतेची ती सोय टाकून द्यावी लागली नाही. आजही देशातले बहुसंख्य संकर तीच वापरतात. आई बदलली, पण तिच्यातला तो एक गुण ठेवला.

बदललेल्या आया कुठून आल्या? दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत टिफ्ट २३ च्या बियाण्यावर गॅमा किरणांचा मारा करून '५०७१ए' हे जास्त प्रतिकार असलेलं वाण मिळवलं गेलं. मग '५१४१ए' आलं, आणि त्यावर उभे राहिलेले बीजे १०४ आणि बीके ५६० हे संकर शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतले. आणि पुन्हा तेच! एक आई, सगळीकडे तिच्याच लेकी, आणि ८० च्या दशकात त्यांच्यावरही जटा. धडा एकदा शिकून भागत नाही, कारण चांगली आई मिळाली की सगळ्यांनाच ती हवी असते. यात कुणाचा मूर्खपणा नाही. ज्याचं बियाणं जास्त पिकतं तेच शेजारी मागतो.

कुलूप, किल्ली आणि नसलेलं दार

रोगप्रतिकार ही एकच गोष्ट नाही. ताटातलं एखादं ठळक जनुक रोग ओळखतं आणि त्याला दारातच अडवतं. हे मोठं कुलूप. लावायला सोपं, दिसायला भारी. पण रोगाच्या जाड कवचाच्या बीजाणूंमागे नर-मादीचं मीलन असतं. दरवर्षी जनुकांचे पत्ते नव्यानं पिसले जातात. कोट्यवधी बीजाणूंपैकी एकाला जरी योग्य किल्ली सापडली, तरी पुढच्या हंगामात त्याचीच पिलावळ. शिवाय जागोजागचा रोग वेगळा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संग्रहात या रोगाचे गावागावांचे नमुने जपलेले आहेत, आणि त्यात एक आपल्या जालन्याचाही आहे. जालना म्हणजे बियाण्यांची पंढरी, तिथं रोगानंही आपली शाखा काढावी यात नवल नाही.

दुसरा प्रकार म्हणजे बारक्या बारक्या कड्यांचा. एकही कडी भक्कम नाही, पण आठ-दहा असल्या की चोर कंटाळतो. असा प्रतिकार शंभर टक्के नसतो, शेतात पाच-दहा ताटं गोसावी होतात, पण तो टिकतो. पैदासकाराला मात्र तो जड जातो. एका कडीचा परिणाम डोळ्यांना दिसतच नाही, आणि आठ कड्या एका ताटात गोळा करायच्या म्हणजे लग्नामागून लग्नं लावत बसायचं.

तिसरा प्रकार बाजरीत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सातूवर, म्हणजे जवावर, युरोपात भुरी रोग फार. इथिओपियातल्या काही जुन्या, गावरान सातूवर मात्र भुरी येत नाही. का, ते शोधल्यावर गंमत कळली. नेहमीच्या सातूत एक जनुक असतं, ज्याच्या वाटेनंच भुरीची बुरशी पेशीत शिरते. या गावरान सातूत ते जनुक बिघडलेलं आहे. म्हणजे इथं कुलूप नाहीच, चोर ज्या दारानं यायचा ते दारच बुजलेलं. किल्ली कशाची बनवणार? युरोपात १९७० च्या दशकाअखेरीपासून हा प्रतिकार शेतात आहे आणि अजून टिकून आहे.

फुकट मात्र काही मिळत नाही. दार बुजलेल्या सातूच्या पानांवर रोग नसतानाही आपोआप करडे ठिपके पडायचे आणि उतारा थोडा घटायचा. झाड स्वतःच्या सावलीला घाबरून पेशी मारत होतं म्हणा ना. तो प्रतिकार ठेवून हा तोटा कमी करण्यात युरोपातल्या पैदासकारांची बरीच वर्षं गेली.

रोगी वावरातली परीक्षा

शेजारचं ठणठणीत ताट खरंच टिकणारं होतं, की नुसतं वाचलेलं? त्याला लागण होण्याच्या रात्री वारा उलटा असेल, त्याचं पान कोरडं असेल. नशिबानं वाचलेल्याला पहिलवान म्हणता येत नाही. म्हणून संशोधन केंद्रावर मुद्दाम रोगी वावर तयार करतात. आपण रोग हटवतो, हे लोक लाडानं वाढवतात!

रीत अशी. हमखास बळी पडणारी बाजरी ठराविक ओळींमध्ये आधी पेरायची. ती दोनेक आठवड्यांत पिवळी पडते, रात्री तिच्यावर लव येते. मग तिच्या अधल्यामधल्या ओळींत परीक्षेची वाणं पेरायची आणि हवा दमट राहील असं पाणी फवारत राहायचं. आता प्रत्येक रोपावर रोज रात्री बीजाणूंचा वर्षाव. इथं जे ठणठणीत राहील ते खरं. काचघरात तर कोंब नुकता वर आला की बीजाणूंचं पाणी थेट त्याच्यावर फवारतात आणि पंधरवड्यात शंभरपैकी किती रोपं पिवळी पडली ते मोजतात. मेलेल्यांच्या मोजणीवर निकाल लागणारी ही परीक्षा.

रश्श्यातली लवंग

समजा, पहिलवान ताट सापडलं. पण त्याचा दाणा बारीक, कणीस वीतभर, आणि तयार व्हायला शंभर दिवस लागतात. आपल्या लाडक्या वाणाशी त्याचं लग्न लावलं, तर लेकरांत निम्मे गुण त्याचे येणार. रोगप्रतिकारासोबत बारका दाणाही.

इथं आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याचं उदाहरण घ्या. तुमच्या पातेल्यात शेजारणीच्या रश्श्यातली एक लवंग हवी आहे, पण तिचा रस्सा नको. लवंग काढून देता येत नाही, निम्मं पातेलंच ओतून घ्यावं लागतं. आता पातेल्यात निम्मा तिचा रस्सा. त्यातला अर्धा काढा आणि आपला ओता, तिचा उरला पाव. पुन्हा अर्धा काढा, आपला ओता, आठवा हिस्सा. आणखी दोनदा केलं की बत्तिसावा. चव आपली परत आली. पैदासकार याला उलटसंकर म्हणतात. लेकराचं लग्न पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच लावायचं.

अडचण एकच. दर वेळी अर्धा रस्सा काढताना लवंग त्यात निघून गेली नाही ना? रस्सा काळा, लवंग काळी, दिसत तर नाही. जुनी पद्धत म्हणजे दर खेपेला चाखून बघायचं. म्हणजे दर पिढीत रोगी वावरात परीक्षा, त्यासाठी एक हंगाम, आणि परीक्षेत ताटं मारून पाहायची. त्यात लवंग एक नसून चार असल्या तर जीभ गोंधळते.

आता लवंगेला दोरा बांधा आणि टोक पातेल्याबाहेर ठेवा. दोरा ओढून पाहिला की कळतं, लवंग आहे की गेली. गुणसूत्रावर हव्या त्या जनुकाच्या अगदी शेजारी ओळखू येणारी खूण असते, तो हा दोरा. तिला मार्कर म्हणतात. रोप चार पानांचं असताना पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासायचा, खूण दिसली तर रोप ठेवायचं, नाही तर उपटायचं. रोग लावायची गरज नाही. यात बाहेरचं जनुक घुसवलेलं नसतं. लग्नं बाजरीची बाजरीशीच, फक्त निवड डोळसपणे. हे जनुक बदललेलं वाण नव्हे. तसं ते आहे का, ही शंका वारंवार विचारली जाते म्हणून सांगितलं.

याचं उत्तम उदाहरण हरियाणातलं. हिस्सारच्या कृषी विद्यापीठाचा 'एचएचबी ६७' हा १९९० चा संकर ६५ दिवसांच्या आत तयार होतो. हरियाणा आणि राजस्थानच्या कोरड्या भागात पाऊस परतायच्या आत हाती येणारं पीक म्हणून तो लोकांच्या जिवाभावाचा झाला. पण केवडा डोकावू लागला. शेतकऱ्यांना नवं काही नको होतं. हीच बाजरी, हेच दिवस, फक्त जटा नकोत. मग इक्रिसॅट आणि हिस्सारच्या लोकांनी या संकराच्या दोन्ही पालकांत प्रतिकार आणला. नराच्या बाजूला दोऱ्याची मदत घेतली. २००५ मध्ये 'एचएचबी ६७ सुधारित' आलं. मार्करच्या साहाय्यानं घडलेला सरकारी संशोधनातला देशातला पहिला संकर म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्यानंतर रोगानं पुन्हा चाल बदलली, आणि त्याचीही नवी आवृत्ती काढावी लागली.

भाकरीची अट

धुळ्याच्या केंद्रावर कुठलंही नवं वाण आलं, की त्याला एकटा केवडा पास करून भागत नाही. दाणा टपोरा आणि राखी हवा, नाहीतर बाजारात भाव पडतो. कणीस गच्च भरलेलं हवं, पण इतकं गच्च नको की पावसात आत बुरशी धरेल. सरमाड जनावरांनी आवडीनं खायला हवं. आमच्याकडे दुभत्या म्हशीचं मत घरच्या माणसांपेक्षा जास्त मोजतात. कणसावर केस असले तर चिमण्या कमी बसतात. आणि उन्हाळी बाजरी पेरणाऱ्यांना, एप्रिलच्या उन्हातही दाणा भरणारं वाण लागतं.

यांत पोषणाची अट अलीकडे जोडली गेली. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोच्या 'इनियाडी' बाजरीतून निवडलेलं 'आयसीटीपी ८२०३' हे टपोऱ्या दाण्याचं वाण १९८८ मध्ये महाराष्ट्रात आलं. त्याच्यातलीच जास्त लोह असलेली ताटं निवडत निवडत इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'धनशक्ती' तयार केलं. २०१२ मध्ये ते प्रसारित झालं. किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह. धुळ्याचे 'आदिशक्ती' आणि 'महाशक्ती' हे संकर त्याच वाटेवरचे. त्यांचे क्रमांक डीएचबीएच ९०७१ आणि डीएचबीएच १२११, आणि सुरुवातीची अक्षरं आपल्या धुळ्याची. २०१८ पासून तर देशात बाजरीच्या नव्या वाणाला किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असणं बंधनकारक केलंय.

इतक्या अटी एका ताटात बसवताना एक ओढली की दुसरी सुटते. अरगट या दुसऱ्या रोगाचं बघा. अरगटाचा बीजाणू फुलात शिरतो तो स्त्रीकेसरावाटे. पराग पडला की स्त्रीकेसर काही तासांत आक्रसतो, आणि ती वाट बंद होते. म्हणजे वेळेवर लागलेलं लग्न हाच उपाय. पण संकरात परागहीन आईचं रक्त असतं. बापाकडून परागाची ताकद नीट परत आली नाही, तर वावरात पराग कमी, वाट जास्त वेळ उघडी, आणि अरगटाची चंगळ. त्यात फुलोऱ्यात झड लागली आणि पराग धुऊन गेला, तर विचारूच नका.

> चौकट : मिठाच्या पाण्यातली परीक्षा
>
> अरगट झालेल्या कणसातून मधासारखा चिकट थेंब गळतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट, टणक गाठ तयार होते. ती पोटात गेली तर उलट्या आणि चक्कर. घरचं बियाणं असेल तर १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी ओता आणि ढवळा. गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात. ते गाळून जाळा. तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. केवड्यासाठी पेरण्यापूर्वी किलोला ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल (३५ एसडी) चोळतात. पाकिटातलं रंगीत बी आधीच औषध लावलेलं असतं, ते मिठात घालू नका.

एक अट मात्र कुणालाच नीट जमलेली नाही. बाजरीच्या दाण्यात तेल बरंच, त्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं. माझी आई गिरणीतून दोन किलोच्या वर दळून आणत नसे. रोग हटला, लोह वाढलं, उतारा वाढला, तरी शहरातल्या दुकानात बाजरीचं पीठ गव्हासारखं महिनाभर टिकेल, तो दिवस अजून यायचाय. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं. त्या भाषणांत या कडूपणाचा उल्लेख फारसा ऐकू आला नाही.

घराण्यातली शेवटची बातमी

२०१७ मध्ये बाजरीचा सगळा जनुकसंच वाचून जाहीर झाला. गुणसूत्रांच्या सात जोड्या, साडेअडतीस हजारांवर जनुकं. आता कुठली लवंग कुठे आहे आणि दोरा कुठे बांधायचा, हे शोधणं पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालंय. या वाचनासाठी ज्या वाणाचं ताट निवडलं, ते टिफ्ट २३ च्याच घराण्यातलं, बुटक्या बांध्याचं. ज्या घराण्याच्या लेकींनी १९७१ मध्ये देशाची बाजरी बुडवली, तेच आता जगभरच्या बाजरीचं प्रमाण मानलं जातं.

मधल्या काळात केवडा थोडा मागे हटला, आणि करपा पुढे आला. हा खऱ्या बुरशीचा, भाताच्या करप्याच्या भाऊबंदकीतला. आता नव्या वाणांना तीही परीक्षा द्यावी लागते. मागच्या खरिपात मामेभावानं फोनवर पानाचा फोटो पाठवला. होडीच्या आकाराचे ठिपके, कडा तपकिरी, मध्ये राखाडी. खाली लिहिलं होतं, "हाऊ गोसावी नही. मंग काय शे?"

मी कळवलं, करपा दिसतोय. ताट उपटू नको, पण बियाण्याचं पाकीट ठेवलं असशील तर त्यावरचं वाणाचं नाव पाठव.

पाकीट पेरणीच्या दिवशीच बांधावर टाकलं होतं म्हणाला.